उणे एक अँपिअर

ती. काका,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ज्यांनी मला पाच वाजल्यानंतर कुलूप न लावता थांबू दिलं, ते काका, एवढी ओळख पुरे.

सर्किटचा पेपर माझा दोनदा राहिला होता. किरचॉफचे नियम तोंडपाठ होते. जोडबिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो, आणि बंद लूपभोवती फिरून आलं की व्होल्टेजची बेरीज शून्य. अडायचं बाण काढताना. करंट डावीकडून येतो की उजवीकडून, हे गणित सोडवण्याआधी कळणार कसं? अंदाजाने बाण काढायचो, उत्तर उणे आलं की चुकलं समजून अख्खं पान खोडायचो. परीक्षेची निम्मी वेळ खाडाखोडीत जायची.

तुम्ही पुस्तक बाजूला ठेवलंत. एक १२ व्होल्टची बॅटरी, एक ६ व्होल्टची, दोन्हींच्या वाटेत २-२ ओहम, आणि मधल्या फांदीत ८ ओहमवर लावलेला रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध. प्रत्येक फांदीत करंट मोजायला एक अँमीटर. म्हणालात, "दोन्ही बॅटऱ्यांचे बाण वर काढ, मधला खाली. आणि आता शेवटपर्यंत बदलायचे नाहीत." मीटरही बाणांप्रमाणेच जोडायला लावलेत.

स्विच दाबला. पहिल्या मीटरवर साधारण २, मधल्यावर १, आणि ६ व्होल्टच्या फांदीतला काटा शून्याच्या खाली जाऊन खिळ्याला टेकला. मी घाबरून स्विच बंद केला. तुम्ही हसून त्या मीटरच्या दोन वायरी आलटून पालटून लावल्यात, काटा एकच्या जवळ येऊन थांबला. "हा तुझा उणे एक. करंट उलटा वाहतोय, मोठी बॅटरी छोटीला चार्ज करतेय. गणित चुकलं नाही, बाण उलटा होता, बस."

मग कागदावर केलं. वरच्या जोडबिंदूचं व्होल्टेज ८ निघालं. डावीकडून (१२ − ८) ÷ २ म्हणजे २, उजवीकडून (६ − ८) ÷ २ म्हणजे उणे १, आणि मधून खाली ८ ÷ ८ म्हणजे १. दोनातून एक गेला, एक उरला. बाहेरच्या लूपभोवती फिरलो: १२ चढलो, ४ उतरलो, मग २ उतरलो, मग ६. शून्य. ते उणे चिन्ह मी त्या दिवशी पहिल्यांदा खोडलं नाही.

किरचॉफने हे नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो क्योनिग्सबर्गला विद्यार्थीच होता, वय २१. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर जरा जास्तच लाज वाटली असती, म्हणून बरंच झालं.

हे पत्र आत्ता लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात घरी गॅलरीत नवा दिवा लावला. चाळीस वॅटचा दिवा, पण बटण दाबलं की घराचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं सुरक्षा-स्विच, उडायचं. वायरमन म्हणाला, आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू. मला तुमचा जोडबिंदू आठवला. ते यंत्र करतं काय, तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर उडायलाच हवं. चाळीसचा दिवा २३० व्होल्टवर घेतो जवळजवळ १७५ मिलिअँपिअर. तो सगळाच दुसरीकडून परत जात असेल, तर उडणारच. मेन स्विच पाडून बोर्ड उघडायला लावला. फेज आरसीसीबीनंतरची, न्यूट्रल मात्र इन्व्हर्टरच्या लाइनची घेतलेली. न्यूट्रल बदलली, दिवा लागला, आरसीसीबी जागच्या जागी. वायरमनने विचारलं, इंजिनियर आहात का? मी म्हटलं, हो, तिसऱ्या खेपेला पास झालेला.

त्या पेपरात मला ६१ मिळाले होते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. निकाल लागला तेव्हा लॅबला सुट्टी होती आणि नंतर मी नोकरीला लागलो.

काका, मनापासून आभार. आणि त्या मीटरचा काटा खिळ्यावर आपटून जरासा वाकला होता, तो नंतर सरळ केलात की तसाच चालवलात?

तुमचा,
मागच्या बाकावरचा खाडाखोडवाला