सानू, पोळी खा गं थोडे दिवस

सानू बाळा,

काल तू म्हणालीस पोळी सोडल्यापासून पोट एकदम शांत आहे आणि टीटीजी, म्हणजे गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराच्या अँटीबॉडीजची रक्ताची टेस्ट, ती पण निगेटिव्ह आली, तेव्हा मी गप्प झाले ते रागाने नाही गं, फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय. चार महिने गहू बंद ठेवून मग टेस्ट केलीस. गहूच पोटात नाही तर त्या अँटीबॉडीज उतरणारच ना, मग सीलिअ‍ॅक नाही असं कशावरून धरायचं?

माझं बायोप्सी लॅबमधलं काम तुला माहितीय. ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, तुकडा जेमतेम तिळाएवढा, तो मेणात उभाच बसवावा लागतो, जरा तिरका पडला की आतड्याची ती बोटांसारखी टोकं, व्हिलाय, आखूड दिसतात आणि चांगल्या माणसावर उगाच शिक्का बसतो. परवाच एक तुकडा मी मेण वितळवून परत बसवला आणि दुसऱ्या कटमध्ये व्हिलाय मस्त उंच! मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मोजतात, अस्तराच्या १०० पेशींमागे २५ च्या वर लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, घुसलेले असले की शंका घ्यायची. पण नुसत्या गर्दीवर भागत नाही, ती एच पायलोरी या पोटातल्या जंतूने वाढते, पेनकिलरने पण वाढते. म्हणून काही ठिकाणी एक ताजा तुकडा, फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, न टाकता, फ्लो सायटोमेट्रीला देतात, त्यात कुठल्या जातीच्या पेशी किती ते कळतं. सीलिअ‍ॅकमध्ये गॅमा डेल्टा टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, वाढतात आणि गहू सोडून वर्षं झाली तरी बहुतेकांच्या वाढलेल्याच राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं, तुझ्यासारख्या आधीच पोळी सोडून बसलेल्या पोरींसाठी तर खासच. पण ती सोय सगळीकडे नाही.

म्हणून आधी डीक्यू२-डीक्यू८ या सीलिअ‍ॅकशी जोडलेल्या जीन्सची टेस्ट कर, तिला खाण्यापिण्याने फरक पडत नाही. दोन्ही नसले तर सीलिअ‍ॅक जवळपास नाहीच. असले तर डॉक्टरांना विचारून रोज दोन पोळ्या सुरू कर, सहा-आठ आठवडे, मग परत टीटीजी आणि स्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतड्याचे तुकडे घेणं. त्रास होईल, माहितीय मला, फारच झाला तर लगेच त्यांना फोन कर.

आणि स्कोपीच्या वेळी किमान चार तुकडे घ्या असं सांग, आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. मी दोन दिवस रजा टाकून येतेय. ज्वारीचं पीठ आणेन, आणि बिनमैद्याचा हिंग पण शोधून ठेवलाय, नंतर लागला तर.

तुझी आई