कबड्डी सोडू नकोस, ताई

जळगाव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, नोकरी लागली, आता कुठली कबड्डी?" फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितोय.

माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढवताना दंड भरून यायचे, म्हणून लोकांना वाटायचं, ड्रायव्हरचं अंग कमावलेलं असतं. पण कमरेखालचं शरीर दिवसभर बसलेलंच असायचं. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास छापला. एकाच बसवर काम करणारे दोघे. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त, आणि तिकिटं फाडत जिने चढणाऱ्या कंडक्टरला बराच कमी. हे वाचलं तेव्हा मला आपल्या डेपोतले कितीतरी चेहरे दिसले. तूही आता खुर्चीवरचीच नोकरी करतेस, ताई. म्हणून जीव लागून राहतो.

माझी साखर निघाल्यापासून रात्री जेवण झालं की मी आणि तुझी आई मेहरूण तलावाकडे चालायला जातो. पायांचे स्नायू कामाला लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर चाललं तर साखर कमी चढते, हे मी घरच्या मशीनवर पाहिलंय. बापाला मधुमेह असला की मुलांनाही धोका वाढतो. तुला जमीन देऊ शकलो नाही, पण हा वारसा मात्र तुझ्याकडे येऊ नये असं फार वाटतं.

दुसरी गोष्ट हाडांची, आणि ती तुझ्या वयात सगळ्यांत महत्त्वाची. हाडं साधारण तिशीपर्यंतच भरतात. पुढे त्याच शिलकीवर जगायचं असतं, आणि बाईची पाळी थांबली की ही शिल्लक झपाट्याने उतरते. तुझ्या आजीचं खुबा मोडल्यानंतरचं अंथरूण तू पाहिलंस. हाडावर भार पडला, धक्का बसला, तरच ते जास्त मजबूत होतं. पोहणं, सायकल हृदयाला उत्तम. पण हाडांना उड्या, धावणं, वजन उचलणं हवं. कबड्डीत हे सगळं आहे: चढाईतली धाव, एकदम वळणं, पकडीत लावलेला जोर. तीस सेकंदांच्या चढाईत हृदय किती जोरात धडधडतं, ते तुला ठाऊकच आहे. अशा सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि एरवी निवांत चालतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. रोज मैदान गाठायलाच हवं असं नाही. पण शनिवारी तिथल्या मुली खेळतात म्हणालीस ना, तिथे जा. बरेच दिवस खंड पडलाय, तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू नकोस. गुडघा आणि घोटा तयार व्हायला काही आठवडे लागतात. पटकन धाप लागली तर हिमोग्लोबिन तपासून घे. मुलींमध्ये ते बऱ्याचदा कमी निघतं, आणि मग व्यायाम झेपत नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा इथे पारा 45 च्या आसपास असेल. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला उजाडायच्या आत आणि थोडंच पळू. मी सोबत येईन, चालत. आई कळण्याचं पीठ दळून ठेवणार आहे. उडीद असतो त्यात, स्नायूंना प्रथिनं मिळतात.

बुटांचे पैसे पाठवतोय. चांगले घे, स्वस्तातले नको.

तुझे पप्पा