परदेशी चलनातलं कर्ज घेण्याआधी

प्रिय बाळा,

फोनवर तू म्हणालास की परदेशी चलनातल्या कर्जाला व्याज कमी आहे आणि रेट, म्हणजे त्या चलनाचा रुपयातला भाव, तर कित्येक वर्षं हललाच नाहीये, मग घ्यायला काय हरकत. रेट हललेला नाही याचीच मला जास्त काळजी वाटते, म्हणून लिहितोय.

चलनबाजार म्हणजे कुठलं एक ऑफिस नाही रे. बँका दिवसभर स्क्रीनवर एकमेकींना रेट देत असतात, आयातदाराला डॉलर हवे असतात, निर्यातदाराला विकायचे असतात, त्यात मोठमोठे फंड, आणि एप्रिल 2022 मध्ये बीआयएसने (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) मोजलं तेव्हा जगभरची रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर निघाली. रेट धरून ठेवायचा तर मध्यवर्ती बँकेला गंगाजळीतले, म्हणजे आपल्या साठ्यातले, डॉलर विकावे लागतात; हा सगळा पैसा एकाच बाजूला झुकला तर ती गंगाजळी किती दिवस पुरणार?

थायलंडचंच बघ. बाट वर्षानुवर्षं डॉलरला 25 च्या आसपास बांधलेला, म्हणून कंपन्यांनी स्वस्त डॉलर-कर्जं उचलली, कमाई मात्र बाटमध्ये, आणि रेट फिक्स म्हटल्यावर हेजिंगचा, म्हणजे रेट बदलण्यापासून संरक्षण घेण्याचा, खर्च कोण करतंय. तिकडे मध्यवर्ती बँक रेट धरून ठेवायला डॉलर विकत होती, बरेचसे फॉरवर्ड सौद्यांत (रेट आज ठरवायचा, डॉलर पुढे द्यायचे), त्यामुळे गंगाजळीचा आकडा बाहेरून ठीकच दिसायचा. 2 जुलै 1997 ला बाट मोकळा सोडला आणि जानेवारी 1998 मध्ये डॉलर 50 बाटच्या वर. नवीन एक पैसाही न घेता कर्ज दुप्पट!

आणि हे फक्त कमकुवत देशात होतं असं नाही हं. युरो 1.20 स्विस फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही असं स्विस मध्यवर्ती बँकेने 2011 मध्ये सांगितलं होतं, आणि 15 जानेवारी 2015 ला तेच अचानक मागे घेतलं. काही मिनिटांत फ्रँक भडकला. लिव्हरेजवर, म्हणजे उसन्या पैशावर मोठे सौदे करून, खेळणाऱ्या कितीतरी जणांची खाती शून्याच्याही खाली गेली. पोलंडमध्ये लोकांनी फ्रँकमध्ये घरकर्जं घेतलेली, पगार झ्लॉटीत, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं, बिचाऱ्यांनी सट्टा असा काही केलाच नव्हता.

तू बँकेला फॉरवर्ड कव्हरचा, म्हणजे पुढच्या हप्त्यांचा रेट आजच पक्का करण्याचा, खर्च विचार. तो धरला की व्याजातला फायदा बहुतेक सगळा तिथेच संपतो, कारण फॉरवर्डचा रेट दोन चलनांच्या व्याजातल्या फरकावरच ठरतो. सही करू नकोस अजून, कर्जाचे कागद मला पाठव, रेट 30 टक्के वर गेला तर हप्ता किती होईल ते आपण दोघं मिळून काढू.

तुझे बाबा