जपानी मतदारांचा रोष

महोदय,

जपानमधील सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटांनी निधिसंकलन मेळाव्यांच्या तिकिटविक्रीतील पैसा हिशेबात न दाखवता खासदारांकडे वळवल्याचे २०२३ च्या अखेरीस उघड झाले आणि ऑक्टोबर २०२४ च्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत मतदारांनी या पक्षाच्या आघाडीला ४६५ पैकी २१५ जागांवर रोखले. पुढे मे २०२५ मध्ये, तांदळाचे भाव वर्षभरात जवळपास दुप्पट झालेले असताना, आपल्याला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक भेट देतात, असे पक्षाच्या कार्यक्रमात सांगणारे कृषिमंत्री ताकू एतो यांना पायउतार व्हावे लागले. घरखर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्यांना हे विधान बेहिशेबी पैशाहूनही अधिक झोंबले असावे. जुलैमध्ये या आघाडीचे वरिष्ठ सभागृहातील बहुमतही गेले. मात्र २०२४ मध्ये मतदान जेमतेम ५४ टक्के झाले, ही बाब मला सत्तापालटाच्या शक्यतेपेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

– एक वाचक, पुणे