चिंध्यांच्या बाहुलीला कारखान्याचा मापदंड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. या नियमाच्या खर्चाने मेटाकुटीला आलेल्या आम्ही काही लहान उत्पादकांनी केंद्र सरकारला निवेदन पाठवण्यासाठी लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत सह्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा पहिला प्रश्न गिऱ्हाइकांनीच विचारला : मुलांच्या जिवाशी खेळायची मोकळीक तुम्हाला हवी आहे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चारचौघांत द्यावे म्हणून हे पत्र.

मी अंबाजोगाईत बचत गटातल्या आठ बायकांबरोबर कापडी बाहुल्या, बैलजोड्या आणि पाळण्यावर टांगायचे चिमणाळे शिवते. शिंप्यांकडच्या धुतलेल्या सुती चिंध्या, आत पिंजलेला कापूस आणि डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे टाके, एवढाच आमचा माल. डोळ्यांना बटण लावत नाही, कारण मूल ते उपटून तोंडात घालते. हे आम्हाला कोणत्याही मानकाच्या पुस्तकाने शिकवले नाही, आमच्यातल्या एकीच्या नातवाने शिकवले. सांगायचा मुद्दा असा की सुरक्षिततेची काळजी आम्हाला नियमाच्या आधीपासून आहे. भांडण काळजीशी नाही, ती मोजायच्या मापाशी आहे.

नियम का आला तेही आम्ही नाकारत नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये आयात खेळण्यांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते. रंगातले शिसे आणि प्लास्टिक मऊ करायला घालतात ती थॅलेट्स ही द्रव्ये डोळ्यांना दिसत नाहीत. शिशाची तर मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही. असा माल बाजारातून गेलाच पाहिजे. पण तो अडवायला जे जाळे विणले, त्यात मोठे मासे आणि आमच्यासारखे चिंगळे एकाच वेळी सापडले.

आयएस ९८७३ या मानकाप्रमाणे खेळण्याची धार, टोके, सुटे भाग, पेट घेण्याचा वेग आणि त्यातून बाहेर पडणारी जड धातूंची द्रव्ये तपासावी लागतात. हजारो नगांचा एकच साचा काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च नगामागे पैशांत पडतो. आमच्याकडे एका चिटाच्या उरलेल्या तुकड्यांतून बारा बाहुल्या निघतात आणि तेरावी वेगळ्या कापडाची असते. तपासायचे कोणते कापड आणि बाराव्या बाहुलीनंतर काय करायचे, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. त्यात नमुने घेऊन मुंबई-पुण्याच्या खेपा घालायच्या. लातूरहून रात्रीच्या गाडीने निघून, दिवस तिकडे काढून, दुसऱ्या रात्री परत, म्हणजे एका बाईची तीन दिवसांची मजुरी बुडाली. सुरुवातीला प्रत्येक कारखान्यात स्वतःची प्रयोगशाळा हवी अशीही अट होती. सूक्ष्म उद्योगांना तिच्यातून सवलत मिळाली, पण ती मुदतीची. नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड आहे. दोन लाखांत आमच्या गटाची तीन शिलाई यंत्रे, कापूस आणि सगळ्यांचा पगार वर्षभर चालतो.

हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि विशिष्ट गावाची वा प्रदेशाची ओळख म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सूट दिली, हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. पण त्याचा परिणाम पाहा. नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणातल्या निर्मलची लाकडी खेळणी मानांकनामुळे सुटली. इकडच्या सुताराने तसाच बैल कोरला आणि तसाच रंगवला, तर तो मात्र नियमात. आमच्या बाहुल्या यंत्रावर शिवलेल्या असल्याने त्या हस्तकलेत बसत नाहीत, असे मला एका कार्यालयात ऐकवण्यात आले. डोळे, केस आणि झबले हाताने करतो, हे सांगून झाले. शिलाई यंत्र मात्र त्यांच्या नजरेतून सुटले नाही. (पांगुळगाडा खेळणे आहे की चालायला शिकायचे साधन, यावर तिथे दोघांचे दोन दिशांना एकमत झाले, ते वेगळेच.)

हा पेच आपल्याच देशात पडलेला नाही. २००७ मध्ये शिसेयुक्त रंगाची खेळणी लाखोंच्या संख्येने परत घ्यावी लागल्यावर अमेरिकेने ऑगस्ट २००८ मध्ये कडक कायदा केला आणि त्याच्या तडाख्यात घरी लाकडी खेळणी करणारे, बाळाचे कपडे शिवणारे सगळे सापडले. त्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला. २००९ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ठरवले की प्रक्रिया न केलेले लाकूड, कापूस, लोकर अशा वस्तूंत शिशाची मर्यादा मुळातच ओलांडली जात नाही, म्हणून त्यांची शिशासाठी वेगळी तपासणी नको. पुढे रंग किंवा बटण यांसारखा सुटा भाग एकदा तपासला असेल, तर त्याचा दाखला तयार वस्तूला चालू लागला. ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीने वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या आणि एका प्रकारचे ७,५०० पेक्षा जास्त नग न काढणाऱ्या उत्पादकांना काही तपासण्यांतून सवलत मिळाली. रंगातल्या शिशाची आणि मुलाच्या घशात अडकतील अशा बारीक भागांची तपासणी मात्र त्यांनाही सुटली नाही, आणि ती सुटू नये असेच माझेही मत आहे.

आपल्याकडे याला पाया आधीच घातलेला आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मग रंगाच्या कंपनीने दिलेला तपासणीचा दाखला त्या डब्यातला रंग वापरणाऱ्या सुताराला का चालू नये? मी रंगच वापरत नसेन, तर माझ्या सुती बाहुलीची तपासणी टाक्यांपुरती, आतल्या भरावापुरती आणि पेट घेण्यापुरती ठेवता येणार नाही का?

दरवर्षी माळेगावच्या यात्रेत पालावर बसते तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या हाताला कोणतेही चिन्ह नसलेली, झगझगीत रंगाची प्लास्टिकची खेळणी ढिगाने विकली जातात. ती कुठून आली हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. तपासायला कोणी येत नाही. माझा पत्ता मात्र प्रत्येक बाहुलीच्या पट्टीवर शिवलेला असतो, त्यामुळे नोटीस पाठवायला मीच सोयीची.

म्हणून आमच्या निवेदनात तीनच मागण्या आहेत : कच्च्या मालाचा दाखला ग्राह्य धरावा, थोड्या नगांच्या उत्पादकांसाठी वेगळा आणि स्वस्त मार्ग असावा, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर येथे अनुदानित दराची चाचणी सोय करावी. मराठवाड्यातल्या खासदारांनी ते संसदेत मांडावे, अशी विनंती आपल्या पत्रातून करते.

आपली विश्वासू,
एक खेळणी उत्पादक,
अंबाजोगाई, जि. बीड