बाबा, ती ठेव मोडायची नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी कामाचं. आपल्या दोघांच्या नावावरची ठेव मी ऑनलाइन पुन्हा पाच वर्षांसाठी टाकली. कोल्हापुरातल्या आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाला परदेशी खेळाडू आणायला ती मोडायची नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुमचा आवाज चढला असता आणि मागोमाग बीपी, म्हणून लिहिते आहे. रागावू नका. कारण फुटबॉलमधलंच देते, म्हणजे तुम्हाला पटेल.

इथे रोमानियात, राजधानी बुखारेस्टच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर उर्झिचेनी आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं लहान गाव. तिथला युनिरिया क्लब 1954 चा, आणि पुढची पन्नास वर्षं खालच्याच विभागांत खेळलेला. मग दुमित्रु बुकशारू या उद्योजकाचा पैसा आला आणि 2006 मध्ये संघ पहिल्या विभागात चढला. त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून डॅन पेत्रेस्कू आला. हो, तोच, चेल्सीचा! 98 च्या वर्ल्ड कपमध्ये शेवटच्या मिनिटाला इंग्लंडवर गोल मारणारा. त्या मध्यरात्री नानाकाकांनी जे केलं ते आई अजून विसरलेली नाही.

पेत्रेस्कूने मोठी नावं न घेता बचाव पक्का केला. 2008 मध्ये संघ रोमानियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला, क्लुझ या संघाकडून 2-1 हरला. 2009 मध्ये थेट लीग जिंकली. लोक त्यांना ‘यालोमित्साचं चेल्सी’ म्हणू लागले. यालोमित्सा हा त्यांचा जिल्हा. मग चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा. गटात स्पेनचा सेविया, जर्मनीचा श्टुटगार्ट, स्कॉटलंडचा रेंजर्स. 20 ऑक्टोबर 2009 ला ग्लासगोत दुसऱ्याच मिनिटाला गोल खाऊनही त्यांनी रेंजर्सला 4-1 हरवलं. दोन गोल रेंजर्सनी स्वतःच्याच जाळ्यात मारले, पण दबावाखाली तसं होतं हे तुम्हीच मला शिकवलंत. पुढे सेवियाला 1-0. सहा सामन्यांत आठ गुण, गटात तिसरा नंबर.

आता पैसा बघा, बाबा. त्या वर्षी गटात नुसतं खेळण्याचे 71 लाख युरो, विजयाला 8 लाख, बरोबरीला 4 लाख. दोन विजय, दोन बरोबऱ्या, म्हणजे 95 लाख. तरीही दोन वर्षांत क्लब संपला. गावातलं मैदान सात हजार प्रेक्षकांच्या आसपासचं, म्हणून युरोपचे घरचे सामने बुखारेस्टला, तिथल्या स्टेआउआ क्लबच्या मैदानावर. एवढ्याशा गावात तिकिटांवर पगार निघणार कसे? सगळा भार एका माणसाच्या खिशावर. डिसेंबर 2009 मध्ये पेत्रेस्कू रशियाला कुबान क्लबकडे गेला. 2010 मध्ये संघ लीगमध्ये दुसरा आला खरा, पण चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत रशियाच्या झेनितने बाहेर काढलं, मालकाने हात आखडला आणि बरेचसे मुख्य खेळाडू स्टेआउआने उचलले. 2011 मध्ये खालच्या विभागात घसरण, आणि त्याच वर्षी क्लब बरखास्त. पुढे त्याच नावाचा नवा क्लब निघाला, तो खालच्याच विभागांत. (2024 ला पहिल्या विभागात चढला तो युनिरिया स्लोबोझियाचा. जिल्हा तोच, क्लब वेगळा. पेपरात वाचून गोंधळू नका.)

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे: एक चांगला स्ट्रायकर आला की शाहू स्टेडियमवर चित्र पालटेल. पालटेलही. पण तो हंगाम संपला की जाईल, आणि पुढच्या हंगामात मंडळी पुन्हा तुमच्याच दारात येतील. तुमचं औषधपाणी, आईचा गुडघा, घराची गळती, हे सगळं त्या ठेवीवर आहे. तालमीवरचं तुमचं प्रेम मी तोलत नाहीये. मला सायकलच्या दांडीवर बसवून मॅचला नेणारे तुम्हीच, आणि ऑफसाइड काय ते मला शाळेच्या आधी तुमच्याकडूनच कळलं.

म्हणून तालमीसाठी मी वेगळे पैसे पाठवते आहे, लहान पोरांसाठी. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचे बॉल घ्या, पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड होतो. प्रत्येकाला शिनगार्ड, गोलकीपरला त्याच्या मापाचे ग्लोव्हज. सैल असले की बॉल सुटतो आणि बोट मुरगळतं. आठवड्यातून तीन दिवस सरावाला एक प्रशिक्षक ठेवा, मानधन दरमहा मी देईन. पैसे कुणाच्या हातात रोख द्यायचे नाहीत, सामानाची पावती घ्यायची. आणि कुठल्याही कागदावर मला फोटो पाठवल्याशिवाय सही करायची नाही.

आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना चढू नकोस. गॅसजवळ ठेवायला उंच स्टूल मागवलंय, भाजी त्यावर बसूनच चिरायची. बाबांची बीपीची गोळी नाश्त्याआधी त्यांच्या हातातच दे. मॅचच्या दिवशी ती हमखास राहते.

बाबा, रविवारी फोन करेन. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, पण गोळी घेऊन.

तुमची,
मनू