रेडिओ मोडेमच्या माहितीपुस्तिकेतील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पुस्तिकेतील दुरुस्ती आणि तपासणी शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

टेकडीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी खाली पंपघरात कळावी म्हणून मी तुमच्या रेडिओ मोडेमची, म्हणजे वायरीशिवाय एकमेकांना डेटा पाठवणाऱ्या यंत्रांची, जोडी घेतली. मोडेमबद्दल तक्रार नाही, पल्ला चांगला मिळतो. तक्रार आहे ती पुस्तिकेतल्या कमांडच्या पानाबद्दल.

मला नेटवर्क क्रमांक २५ चा ४० करायचा होता; हा क्रमांक दोन्ही मोडेममध्ये सारखा असला तरच ते एकमेकांशी बोलतात. त्यासाठी आधी मोडेमला कमांड ऐकण्याच्या स्थितीत आणावं लागतं. पुस्तिका म्हणते, "+++ टाइप करून एंटर दाबा, ओके असे उत्तर येईल." दोन संध्याकाळी मी हेच करत बसलो. सीरियल पोर्टचा, म्हणजे लॅपटॉप आणि मोडेममधल्या जोडणीचा, वेग ५७६०० ठेवलेला होता, वायरी दहादा तपासल्या, तरी स्क्रीन कोरीच. तुमच्याकडे तीन ईमेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: मोडेम सदोष असावा, पाठवून द्या. पाठवला. अठरा दिवसांनी परत आला तो "दोष आढळला नाही" असा शेरा आणि तपासणी शुल्काचं बिल घेऊन.

दोष पुस्तिकेत होता. +++ च्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद मोडेमकडे काहीच जाता कामा नये. लगेच एंटर दाबलं की ती शांतता मोडते, आणि मोडेम त्या तीन चिन्हांना साधा डेटा समजून पलीकडे पाठवून देतो. हे मला शेवटी एका जाणकार मित्राने सांगितलं. +++ टाइप केलं, कीबोर्डवरून हात काढून घेतला, थांबलो, आणि ओके उमटलं. एंटर लागतं ते त्यापुढच्या कमांडना.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. क्रमांक ४० करणारी एटीएस३=४० ही कमांड दिल्यावर "आता मोडेम बंद करून सुरू करा" असं पुस्तिकेत आहे. एटी&डब्ल्यू देऊन बदल जतन करायचा, मग एटीझेडने मोडेम रीस्टार्ट करायचा, याचा उल्लेखच नाही. वीज बंद केली की क्रमांक पुन्हा २५. त्याहून वाईट म्हणजे उदाहरणात आधी जवळचा मोडेम बदलायला सांगितलाय. तो बदलून, जतन करून रीस्टार्ट केला की दुवा तुटतो आणि दूरच्या मोडेमसाठीच्या आरटी कमांड तिथवर पोहोचतच नाहीत. आधी दूरचा, मग जवळचा, एवढं एक वाक्य छापलं असतं तर मला लॅपटॉप पाठीला बांधून भर उन्हात टाकीची शिडी चढावी लागली नसती. मी साठीचा आहे.

तपासणी शुल्क परत करावं. पुस्तिकेचं ते पान दुरुस्त करून आधीच्या ग्राहकांनाही पाठवावं. आणि "मोडेम पाठवून द्या" असं सांगण्याआधी तुमच्या प्रतिनिधींनी "+++ नंतर एंटर दाबलं का?" एवढं तरी विचारावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. बिलाची प्रत आणि तिन्ही ईमेल सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक